रुपयात घेऊ का, असं मशीन विचारतं तेव्हा

परदेशात कार्ड वापरल्याची फी सगळ्यात जास्त कोण भरतं माहितीये? काटकसरी माणूस. हे मी घरातल्या आणि ओळखीतल्या लोकांची स्टेटमेंटं बघून म्हणतेय. आमच्याकडे कुणीही बाहेर निघालं की व्हिसाचं एकाकडे, बॅगांचं दुसऱ्याकडे आणि कार्डांचं माझ्याकडे असं आपोआप वाटून गेलंय, आणि मंडळी परत आली की "जरा बघ गं, हे काय काय कापलंय" म्हणून स्टेटमेंटही माझ्याकडेच येतं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जो भाचा फारसा विचार न करता क्रेडिट कार्ड टॅप करत फिरतो त्याला शेकडा चार रुपये आणि वर थोडं पडतं. आणि जी मावशी पै-पैचा हिशोब ठेवते, एटीएममधून लागतील तेवढेच थोडे थोडे पैसे काढते, खात्यात किती उरलेत ते मधूनमधून बघते, मशीनवर रुपये दिसले की जिवाला बरं वाटून तेच निवडते, तिला शेकडा दहा सहज पडतात, कधी पंधराच्याही वर. ज्या सवयींवर तिने आयुष्यभर संसार केला, मुलं शिकवली, घराचे हप्ते फेडले, त्याच सवयी तिथे महागात पडतात आणि हे तिला निघण्याआधी बँकेतल्या कुणीही सांगितलेलं नसतं. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून हे लिहितेय.

आधी साधा हिशोब करू. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परदेशी चलनात खर्च केला की बँक साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलल्याची वरची फी, लावते. काही कार्डांवर दोन टक्के असतो, काही थोड्यांवर शून्य, त्याबद्दल पुढे बोलते. या साडेतीन टक्क्यांवर परत १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. युरो हिशोबाला सोपा जावा म्हणून शंभर रुपयांचा धरला तर शंभर युरोच्या खरेदीचे दहा हजार, त्यावर ३५० मार्कअप, ६३ जीएसटी, झाले १०,४१३. ऐकायला फार वाटत नाही. पण जेवणखाण, तिकिटं, खरेदी मिळून दोन लाखांचा खर्च कार्डावर झाला तर ८,२६० रुपये निव्वळ फीचे, आणि तेवढ्यात सांगली-मुंबई-सांगली एका कुटुंबाचं जाऊन येऊन होतं.

यात एक चांगली गोष्ट आहे तीही सांगायला हवी. व्हिसा आणि मास्टरकार्ड जो चलनाचा दर लावतात तो बाजाराच्या बराच जवळचा असतो, दोघांच्याही वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारीख आणि चलन टाकलं की त्या दिवशीचा दर दिसतो, त्यातच बँकेची फी किती टक्के तेही टाकून बघता येतं. म्हणजे दरात फारसं कुणी लुबाडत नाही, जे जातं ते दराच्या वर लावलेल्या फीत जातं. दुसरं म्हणजे एसएमएस येतो तेव्हाचा आकडा आणि स्टेटमेंटवरचा आकडा बऱ्याचदा जुळत नाही, कारण दर लागतो तो व्यवहार सेटल होतो त्या दिवसाचा, आणि त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. काका लोक इथेच वैतागतात. एसएमएसमधला आकडा वहीत लिहून ठेवलेला असतो आणि स्टेटमेंटवर निराळाच. वर फीच्या ओळी बऱ्याच बँकांत वेगळ्या येतात, खरेदीच्या खाली लगेच नाही तर चार-पाच व्यवहारांनंतर, कधी पुढच्याच पानावर, 'फॉरेन करन्सी ट्रान्झॅक्शन फी' अशी एक आणि जीएसटीची दुसरी, आणि कुठली फी कुठल्या खरेदीची हे कुठेच लिहिलेलं नाही. मी पेन्सिल घेऊन बसते, प्रत्येक खरेदीला ०.०३५ ने गुणते आणि जोड्या लावते. हे काम ग्राहकाने का करायचं?

आता मूळ मुद्द्यावर येते. मशीनवरचे रुपये.

माझी मावशी आणि काका सांगलीचे. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दोघांनी मिळून बरीच वर्षं साठवून युरोप टूर केली आणि त्यात मीही त्यांच्याबरोबर होते. लुझर्नला तळ्याच्या काठी जिथे टूरच्या बस थांबतात तिथे आजूबाजूला घड्याळांची, चाकूंची, चॉकलेटची दुकानं आहेत आणि आपल्याकडची माणसं इतकी येतात की काउंटरवरच्या पोरींना 'नमस्ते' येतं. नातवंडांसाठी चाकू, चॉकलेटं आणि मावशीला आवडलेली गाईच्या गळ्यातली छोटी घंटा, असं मिळून १२० फ्रँकचं बिल झालं. काकांनी डेबिट कार्ड दिलं. मुलीने मशीन त्यांच्याकडे वळवलं. स्क्रीनवर दोन चौकोन होते, एकात १२० स्विस फ्रँक, दुसऱ्यात १२,७८० रुपये, आणि रुपयांचा चौकोन ठळक. खाली अगदी बारीक अक्षरात इंग्लिशमध्ये एक ओळ होती, ती वाचायला काकांना चष्मा लावूनही मशीन डोळ्यांजवळ घ्यावं लागलं असतं आणि मागे रांग होती. मुलगी हसून म्हणाली, "रुपीज?" काका म्हणाले, "हो हो, रुपीज. आपल्या पैशात दाखवतंय हे बरं झालं, वहीत लिहायला सोपं." आणि दाबलं. मी मावशीबरोबर दाराशी होते, पोचेपर्यंत पावती बाहेर आली होती.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. तुमच्या कार्डाचा नंबर भारतातल्या बँकेचा आहे हे मशीन ओळखतं आणि फ्रँकचे रुपये तिथल्या तिथे करून द्यायची तयारी दाखवतं. त्या दिवशी फ्रँक साधारण शंभर रुपयांच्या आसपास होता (आकडे मी गोल केलेत, म्हणजे डोक्यात बसतील), म्हणजे खरे झाले १२,०००. मशीनने वरचे ७८० आपल्या दरात घालून घेतले, साडेसहा टक्के. हे पैसे दुकानदार, त्याची बँक आणि चलन बदलून देणारी कंपनी आपापसांत वाटून घेतात, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला रुपये दाबायला लावण्यात रस असतो. आता कुणी म्हणेल की निदान आपल्या बँकेचे साडेतीन टक्के तरी वाचले. ते वाचतात खरे, पण आपल्याकडच्या अनेक बँका परदेशात रुपयात झालेल्या व्यवहारावर वेगळा एक टक्का आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणजे १२,७८० वर अजून जवळपास १५१. एकूण १२,९३१. फ्रँक निवडले असते तर नेहमीचे ४.१३ टक्के लागून १२,४९६. चारशे पस्तीस रुपयांचा फरक, एका बटणाचा, आणि टूरमध्ये अशी बटणं दिवसातून किती वेळा समोर येतात ते बघा.

संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसून मी काकांना हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मधेच वही काढली, आकडे परत मांडले. त्यांना पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच होतं. म्हणाले, "अगं आम्ही एसटीच्या तिकिटावर अपघात निधीचा एक रुपया घेतो ना, तोसुद्धा वेगळा दाखवतो. इथं सातशे ऐंशी घेतले तर ते लिहायला काय हरकत होती? मी कदाचित दिलेही असते. पण मला कळायला तरी पाहिजे."

मला कळायला तरी पाहिजे. या विषयावर मला जे म्हणायचंय ते खरं म्हणजे काकांनी एवढ्यात सांगून टाकलं. फी घेऊ नका असं कुणीच म्हणत नाहीये. चलन बदलायला खर्च येतो, कार्डाच्या जाळ्याला खर्च येतो, फसवणुकीची जोखीम बँक घेते, सगळं मान्य. पण पैसे देण्याच्या क्षणी, बटण दाबायच्या आधी, किती जाणार ते आकड्यात दिसलं पाहिजे.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये, कारण युरोपियन युनियनने ते करून दाखवलंय. २०१९ साली त्यांनी नियम केला आणि एप्रिल २०२० पासून तिथल्या दुकानांना आणि एटीएमना चलन बदलून देताना युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा आपला दर किती टक्के जास्त आहे ते दाखवावं लागतं. नियम मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या लोकांसाठी आणि त्यांच्या चलनांसाठी आहे, पण मशीन तेच, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आपल्या कार्डालाही ती टक्केवारी दिसते. पॅरिसमध्ये एका एटीएमवर मी ती ओळ स्वतः वाचलीय, वर युरो, खाली रुपये आणि त्याखाली स्वच्छ टक्के. काकांना मी ती दाखवली, ते लगेच "नको" म्हणाले आणि युरो निवडले. एक ओळ पुरली. ना कुणी सल्ला दिला, ना कुणी समजावलं. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, म्हणून लुझर्नच्या मशीनवर टक्क्यांची ओळ नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे दुकानदाराने ग्राहकाला विचारणं बंधनकारक आहे. त्याने स्वतःच रुपये दाबले तर "कॅन्सल करा, फ्रँकमध्ये घ्या" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तो ऐकत नसेल तर पावती जपून ठेवा, त्यावर विचारलं नव्हतं असं जागेवरच लिहा आणि परत आल्यावर बँकेकडे डिस्प्यूट टाका. आपल्या लोकांना परदेशात दुकानात वाद घालायला संकोच वाटतो, भाषा परकी, मागे रांग, ग्रुप पुढे निघालेला. म्हणून आधीच, कार्ड देतानाच, "फ्रँक" किंवा "युरो" किंवा "लोकल करन्सी" असं तोंडाने म्हणायची सवय लावलेली बरी. मावशी आता इतक्या खणखणीत आवाजात म्हणते की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघतं, आणि मला ते फार आवडतं.

एटीएमचं प्रकरण याहून वाईट आहे. थायलंडला आपल्याकडून इतकी माणसं जातात म्हणून तिथलंच उदाहरण घेते. तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाट फी हे बरीच वर्षं ठरलेलं होतं, आता काही ठिकाणी त्याहून जास्तही आहे. ही झाली तिथल्या बँकेची. मग आपली बँक प्रत्येक वेळी साधारण सव्वाशे रुपये आणि जीएसटी घेते, आणि वर मार्कअप आहेच, तो त्या २२० बाटवरसुद्धा लागतो. बाट अडीच रुपयांचा धरू. मावशीची एक मैत्रीण पाकीट मारतील या भीतीने एका वेळी फक्त दोन हजार बाट काढायची, म्हणजे पाच हजार रुपये. त्यावर ५५० तिथली फी, साधारण १४७ आपल्या बँकेची, आणि २२९ मार्कअप-जीएसटी. पाच हजार हातात यायला ९२६ रुपये गेले! शेकडा साडेअठरा. सावकारसुद्धा इतकं एका दिवसात घेत नाही. तिने एकदाच पाच हजार बाट काढले असते तर टक्केवारी दहाच्या खाली आली असती, वीस हजार काढले असते तर साडेपाचच्या आसपास. पण एवढी रोकड अंगावर बाळगायची तिची छाती नाही, आणि का असावी? सत्तरीच्या बाईने अनोळखी गावात थोडेच पैसे जवळ ठेवावेत ही शहाणपणाची गोष्ट आहे. ठराविक रकमेच्या फीमुळे त्या शहाणपणालाच दंड बसतो.

आणि एटीएमसुद्धा तोच रुपयांचा प्रश्न विचारतं. तिथे तो अजून अवघड पद्धतीने विचारलेला असतो, 'कन्व्हर्जन स्वीकारता की नाकारता' अशा अर्थाचं. नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल, अशी भीती वाटते आणि माणूस स्वीकारतो. काही होत नाही. नाकारा, पैसे येतात, फक्त ते आपल्या बँकेच्या दराने येतात. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला निघण्याआधी दोनदा सांगते. बॅलन्स बघायलाही पैसे पडतात, बहुतेक बँकांत पंचवीसेक रुपये, तर तो फोनवर ॲपमध्ये बघावा. आणि क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड अजिबात काढू नये, त्यावर वेगळी फी आणि काढल्या दिवसापासून व्याज, महिन्याची मुदत वगैरे काही मिळत नाही.

हे सगळं बघताना जुन्या काळाची आठवण निघतेच. साठ-सत्तरच्या दशकात शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्या लोकांकडून 'खिशात आठ डॉलर घेऊन निघालो' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. परकीय चलन सरकारच्या मुठीत होतं, १९७३ चा फेरा कायदा तर असा की जास्तीचे डॉलर जवळ सापडले तर गुन्हा. मग प्रवासी चेक आले आपल्या मध्यमवर्गात, प्रत्येकावर बँकेत एक सही आणि तिकडे वटवताना दुसरी. कमिशन होतंच, पण पावतीवर लिहिलेलं असायचं, इतके डॉलर, इतका दर, इतकं कमिशन. १ जून २००० पासून फेरा जाऊन फेमा हा नवा कायदा आला, २००४ मध्ये लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे माणसाला किती डॉलर बाहेर नेता-पाठवता येतील त्याची मर्यादा, सुरुवातीला माणशी २५ हजार डॉलर आणि आता वर्षाला अडीच लाख डॉलर. आठ डॉलरपासून अडीच लाख! फार मोठा पल्ला आहे, आणि तो गाठताना माझ्या काकांसारखी माणसं पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून या बाजारात आली. त्यांच्यासाठी या बाजाराने स्वतःला सोपं करायला नको का?

फॉरेक्स कार्ड हा टूर कंपन्यांचा आवडता सल्ला. वाईट नाही. निघण्याआधी युरो भरून ठेवले की दर तिथेच पक्का होतो, आणि मुख्य म्हणजे पेन्शनचं खातं त्या कार्डाला जोडलेलं नसतं, कार्ड हरवलं तर गेले तेवढेच. पण त्यातही बघायच्या गोष्टी आहेत. मार्कअप दिसत नाही कारण तो भरतानाच्या दरात मुरलेला असतो, तेव्हा त्या दिवशीचा बाजारातला दर बघून तुलना करावी. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, रक्कम कितीही छोटी असली तरी किमान ४५ रुपये, म्हणून दर चार दिवसांनी थोडे थोडे भरण्यात अर्थ नाही. आणि युरो भरलेल्या कार्डाने फ्रँकमध्ये पैसे दिले तर क्रॉस करन्सीची फी पडते, ती बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत. युरोपच्या टूरमध्ये दोन दिवस स्वित्झर्लंड असतंच, तेव्हा बसमधले निम्मे लोक युरोचं कार्ड घेऊन फ्रँकच्या दुकानात. परत आल्यावर उरलेले पैसे काढून घ्यावेत, नाहीतर काही कार्डांवर वापर नाही म्हणून दर काही महिन्यांनी थोडं थोडं कापत राहतात. "असू दे, पुढच्या वेळी कामाला येतील" ही पण काटकसरच.

टीसीएसचा, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतल्या जाणाऱ्या कराचा, घोळ लोकांच्या डोक्यात फार आहे म्हणून तेवढं सांगते. १६ मे २०२३ ला सरकारने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्चसुद्धा रेमिटन्स स्कीममध्ये आणला, केवढा आरडाओरडा झाला, तीन दिवसांत सात लाखांपर्यंत सूट मिळाली आणि २८ जूनला तो निर्णयच स्थगित झाला. म्हणजे परदेशात क्रेडिट कार्डावरच्या खर्चाला टीसीएस नाही. डेबिट आणि फॉरेक्स कार्ड मात्र स्कीममध्ये मोजलं जातं, पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत काही कापत नाहीत, त्यामुळे साध्या प्रवाशाने घाबरायचं कारण नाही. टूर पॅकेजचं वेगळं आहे, त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस घेतात. ही फी नाही, तुमच्या नावावर जमा झालेला कर आहे, रिटर्न भरलं की तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण काका-मावशींसारखे अनेक जण उत्पन्न कमी म्हणून रिटर्नच भरत नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात. टूर कंपनीकडे टीसीएसचं सर्टिफिकेट मागा, कर तुमच्या नावावर जमा दिसतोय ना ते बघा आणि त्या वर्षी रिटर्न भरा.

आता शून्य मार्कअपची कार्डं. आहेत, आणि त्याबद्दल ऑनलाइन भरपूर वाचायला मिळतं, लाउंज आणि पॉइंट्सच्या गप्पांसकट. पण ती मिळतात कुणाला? चांगला पगार, चांगला क्रेडिट स्कोअर, मोठ्या शहरातला पत्ता. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने आयुष्यात कर्ज घेतलं असेल तर ते फेडूनही पंधरा वर्षं झालेली, त्याचा स्कोअर धड तयारच होत नाही, आणि वय बघून अर्ज नाकारला जातो. म्हणजे माझ्यासारखीला, जिला चार हजार जास्त गेले तरी फरक पडत नाही, फी शून्य, आणि काकांना पूर्ण ४.१३. हे मला उलटं वाटतं.

यावर एक चांगला मार्ग आहे, जो मला बऱ्याच उशिरा कळला कारण कुणी सांगतच नाही. काही बँका मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड देतात, पगार बघत नाहीत, स्कोअर बघत नाहीत, ठेवीच्या रकमेच्या हिशोबाने लिमिट मिळतं आणि ठेवीवर व्याज चालू राहतं. त्यातल्या काही कार्डांवर मार्कअप शून्य आहे. निवृत्त माणसाकडे दुसरं काही नसलं तरी एफडी असते! मावशीचं आम्ही असंच कार्ड काढलं. अर्थात हे कार्ड घेऊन मशीनवर रुपये दाबले तर शून्याचा काही उपयोग नाही, डीसीसीचा दर तिथे लागतोच, म्हणून 'लोकल करन्सी' म्हणणं सुटत नाही. आणि बिल वेळेवर भरायचं, नाहीतर व्याज सगळं खाऊन टाकतं. कार्ड नवीन असेल तर परदेशी वापर ॲपमधून चालू करावा लागतो, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या परिपत्रकानंतर तो मुळात बंद असतो, आणि मला हा नियम अतिशय आवडतो. जायच्या आदल्या दिवशी चालू, आल्यावर बंद. परदेशी वेबसाइट ओटीपी न मागताही पैसे घेऊ शकतात, त्यामुळे उगाच चालू ठेवण्यात धोका आहे.

यूपीआयबद्दल लोक विचारतात. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस, आणि फेब्रुवारी २०२४ पासून पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी, असं हळूहळू सुरू झालंय. पण त्यातही चलन बदलतंच, तेव्हा पिन टाकण्याआधी ॲप किती रुपये दाखवतंय ते बघावं. निदान तिथे आकडा आधी दिसतो, ही मोठी गोष्ट आहे.

घरबसल्या लागणारी फी मात्र मला सगळ्यात खटकते. एखादी वेबसाइट रुपयात किंमत दाखवते, रुपयात पैसे घेते, पण तिची नोंदणी बाहेरच्या देशात असते, हॉटेल बुकिंग, ॲपचं वर्गणीचं काही, ऑनलाइन कोर्स. महिन्याच्या शेवटी एक टक्का अधिक जीएसटी कापलेला दिसतो. माणूस मिरजेत आपल्या खुर्चीत बसलेला आहे, रुपये दिलेत, आणि स्टेटमेंटवर परदेशी व्यवहाराची फी. कंपनी कुठे नोंदलेली आहे हे त्याने कसं ओळखायचं? बँकेला कळतं, मग पैसे घेण्याआधी सांगता येत नाही का? परतावा आला तरीही असंच, बुकिंग रद्द केलं तर पैसे त्या दिवशीच्या दराने येतात आणि आधी कापलेली फी बहुतेक वेळा परत येत नाही.

काकांनी टूरवरून आल्यावर बँकेला पत्र लिहिलं. मराठीत, स्वच्छ अक्षरात, दोन पानं. लुझर्नच्या पावतीची झेरॉक्स जोडली आणि विचारलं की परदेशात रुपयात व्यवहार झाला तर वेगळा एक टक्का लागतो हे मला कार्ड देताना कुठल्या कागदावर सांगितलं होतं ते दाखवा. पंधरा दिवसांनी ईमेल आला, इंग्लिशमध्ये, आत एका चार्जेसच्या पीडीएफची लिंक. ती मी उघडली. पानंच्या पानं भरलेला तक्ता, त्यात खूप खाली एका ओळीत तो एक टक्का आहे. म्हणजे सांगितलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या कार्डांच्या मार्गदर्शक सूचनांत क्रेडिट कार्डाच्या अटी ग्राहकाला समजतील अशा सोप्या भाषेत, शक्यतो इंग्लिश, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात असं म्हटलंय. तो 'शक्यतो' शब्द बँकांनी फारच मनावर घेतलेला दिसतो. आणि माझं म्हणणं, क्रेडिट कार्डाला जे लागू ते डेबिट कार्डालाही असायला काय हरकत आहे, जास्त लोकांच्या हातात तर तेच आहे.

काकांनी दुसरं पत्र पाठवलंय. त्यात चारशे पस्तीस रुपयांची मागणी नाही. मागणी दोन आहेत. चार्जेसचा तक्ता मराठीत शाखेत भिंतीवर लावा, आणि परदेशी व्यवहाराच्या एसएमएसमध्ये फी किती ते वेगळं लिहा, कारण एसएमएस तर तुम्ही पाठवताच, त्यात अजून एक आकडा घालायला काही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, ऑनलाइन किंवा पत्राने, आणि १४४४८ या नंबरवर चौकशी करता येते. अर्ज मी ऑनलाइन भरणार होते, पण काका म्हणाले की पत्रच पाठवू, पोचपावती हातात राहते. मजकूर त्यांनी लिहून तयार ठेवलाय, तारीख तेवढी घालायची राहिलीय.